व्याह्यांची बाटली

फ्रान्सला मी गेलेले नाही. पासपोर्ट काढलाय, तो कपाटात कोराच पडून आहे. मी गेले ते वसई पूर्वेच्या सातिवलीहून पश्चिमेच्या वटारला. एका शनिवारी निघाले, रविवारी संध्याकाळी परत आले. याचं काय प्रवासवर्णन लिहायचं, असं आमच्या सोसायटीतल्या लोकांना वाटेल. पण त्यांच्यातल्या किती जणांनी वटार पाहिलंय? आम्ही पूर्वेची माणसं. पूल ओलांडून पश्चिमेला गेलोच तर पाहुण्यांना किल्ला दाखवायला, नाहीतर समुद्रावर. मधली गावं रिक्षातून दिसतात तेवढीच. शिवाय ज्या भीतीने मी हे अंतर कापलं, तेवढ्या भीतीने लोक विमानातही बसत नसतील. म्हणून लिहिते.

सातिवली, शनिवार

माझे वडील सातिवलीतच एका गाळ्यात पॉवरप्रेस चालवायचे. उजव्या हाताचं एक बोट तिथेच गेलं. त्याच पट्ट्यात, थोडं पुढे, मी आता एसी ऑफिसात बसते. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आमची कंपनी परदेशी वाइन आणून गोदामात ठेवते आणि हॉटेलांना पुरवते. आलेल्या मालातली एक बाटली उघडायची, वास घ्यायचा, घोट तोंडात फिरवायचा आणि बेसिनमध्ये थुंकायचा, हे माझं काम. गिळायचं नाही. आमच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात माळ आहे. आईला मी द्राक्षाच्या रसाची कंपनी एवढंच सांगितलंय. ते अगदीच खोटं नाही.

त्या शनिवारी थंड खोलीत एक बाटली बाकीच्यांपासून वेगळी ठेवलेली होती. पांढरी वाइन, पण इतकी जुनी की पांढरी म्हणायला जीभ अडावी. उजेडासमोर धरली तर आतला रंग जुन्या मधासारखा. लेबलावर ओलीचे डाग, बुचावर पिवळं मेण. मी जन्मले त्याच वर्षीची होती ती.

ती आली फ्रान्समधल्या एका नदीकाठच्या घरून. आजा, पणजा, सगळे तीच एक द्राक्षाची जात लावत आलेलं घर. वटारची जसिंता नर्स म्हणून तिकडे गेली आणि त्या घरची सून झाली. तिचं लग्न तिकडेच लागलं. वडिलांचं नेमकं त्याच वेळी ऑपरेशन निघालं, त्यामुळे इकडून कुणी जाऊ शकलं नाही. तेव्हा तिच्या सासऱ्यांनी त्या वर्षीच्या वाइनची एक बाटली तळघरात बाजूला काढून ठेवली आणि जाहीर केलं की ही माझा वटारचा व्याही भेटेल तेव्हाच उघडेन. मग वर्षं गेली. इकडे जसिंताचे वडील, इजिदोर काका, केळी सोडून जाईनात, तिकडे व्याही द्राक्षं सोडून येईनात. नाताळला दोघं फोनवर यायचे. एकमेकांची भाषा येत नाही, तर नुसते फोन कानाला धरून बसायचे. मागच्या हिवाळ्यात सासरे वारले. बाटली तशीच राहिली.

आता काकांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती, रविवारी त्यांची जुबिली होती. जसिंताला येता येईना, कारण तिकडे एप्रिलमध्ये कोवळ्या फुटीवर हिम पडतं आणि घरातलं प्रत्येक माणूस मळ्यात लागतं. तिने आमच्या मालाबरोबर ती बाटली रीतसर पाठवली आणि मला फोन केला. म्हणाली, "ताई, दुसरी नाहीये. पप्पांच्या हातात नीट पडू दे, एवढंच."

शेठ म्हणत होते, ड्रायव्हरबरोबर पाठवून देऊ. मी म्हटलं, जुनी वाइन म्हणजे सामान नव्हे, मी स्वतः नेते. बोलून तर गेले, मग हिशेब सुरू झाला. एवढ्या जुन्या वाइनला ऊन, धक्का आणि उजेड, तिन्हींतलं काही सोसत नाही. एक दुपार उन्हात राहिली तरी आत जे काही टिकून आहे ते संपू शकतं. आणि संपलं की नाही, हे बाहेरून कळत नाही.

कंपनीची एसी गाडी त्या दिवशी गॅरेजमध्ये होती. म्हणजे रिक्षा.

थर्मोकोलचा खोका घेतला, गोठवलेल्या जेलच्या पिशव्या भरल्या, मध्ये बाटली आडवी. आमच्या खोक्याला बाहेरून छोटा आकडा दिसतो, आत किती गरम आहे ते दाखवणारा. निघताना चौदा होता. गोखिवऱ्यापर्यंत मी रस्ता पाहिलाच नाही, आकडा पाहत होते. प्रत्येक खड्ड्याला खोका मांडीवरून वर उचलून धरायचा आणि रिक्षा खाली आली की हळूच टेकवायचा. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं आणि शेवटी विचारलं, बाळ आहे का आत.

पूल उतरल्यावर नाकाबंदी. कंपनीचे सगळे कागद, वाहतुकीचा परवाना, सगळं पिशवीत होतं. पण आमच्यासारख्या घरातल्या बिनलग्नाच्या मुलीने दारूची बाटली मांडीवर घेऊन पोलिसासमोर बसणं म्हणजे काय, ते कागदाला कळत नाही. हवालदार वयस्कर होते. खोका उघडा म्हणाले. मी म्हटलं, साहेब, उघडला तर ऊन लागेल, आधी कागद बघा. त्यांनी कागद वाचले, अगदी ओळीवर बोट ठेवून.

"एकच बाटली?"

"एकच."

"आणि एवढी सांभाळून कुणाला चाललीय?"

मी घाबरून सगळंच सांगून टाकलं. ऑपरेशन, केळी, हिम, नाताळचा फोन. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. हवालदारांनी कागद घडी करून परत दिले.

"व्याह्याची वस्तू आहे होय," ते म्हणाले. "मग उन्हात काय थांबलाय? मुलीच्या सासरचं आहे, काही कमीजास्त झालं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल त्या म्हाताऱ्याला."

गास

गासला रिक्षा पंक्चर झाली. आकडा अठरावर गेला होता. रिक्षावाला जॅक काढेपर्यंत मी खोका उचलून सावली शोधायला निघाले.

पश्चिमेच्या गावांत पूर्वेच्या माणसाला पहिल्यांदा काय जाणवतं, तर सावली. आमच्याकडे सावली म्हणजे इमारतीची, ती दुपारी सरकते. इथे आंबा, फणस, चिंच, माड, आणि त्यांच्याखाली भाजीचे वाफे. वाफ्यांच्या कडेला बावखल, म्हणजे गावातलं गोड्या पाण्याचं तळं. काठावर एक बाई मुळ्याच्या जुड्या पाण्यात बुडवून काढत होती. मी खोका घेऊन धापा टाकत उभी राहिले, तर तिने आधी मला बसायला सांगितलं आणि मग विचारलं की यात काय, मासळी?

मी सांगितलं. ती हसली नाही. जुडी बाजूला ठेवून तिने भिजलेलं गोणपाट पिळलं आणि खोक्यावर पांघरलं. वर मुळ्याचा पाला टाकला, आणि खोका पाण्यालगतच्या शेवटच्या पायरीवर ठेवायला लावला. तिथून तो पाण्यात घसरेल म्हणून मी दोन्ही हातांनी धरून उकिडवी बसले. पाय भरून आले. पण आकडा थांबला. मला कंपनीत शिकवलेलं काहीच तिथे सुचलं नव्हतं. आम्ही खोली थंड करायची तर बटण दाबतो.

निघताना तिने एक मुळ्याची जुडी हातात दिली. पैसे घेईना. म्हणाली, जुबिलीच्या घरी चाललीयस, रिकाम्या हाताने नको.

वटार, शनिवार दुपार

वटारला इजिदोर काकांचं घर केळीच्या बागेतच आहे. रस्ता संपतो आणि पानं सुरू होतात. आत शिरल्यावर आवाज बदलतो, पायाखालची माती बदलते. माझी भीती तेवढी तशीच होती.

काका पायरीवर उभे होते. बारीक, ताठ, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा. शेजारी त्यांची बायको, कार्मेलीन मावशी, पदराला हात पुसत. मी खोका उघडला. काकांनी बाटली दोन्ही तळहातांवर घेतली. मग लेबलावरच्या घराच्या चित्रावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "यायला एवढी वर्षं लावलीत, व्याही."

त्यानंतर जे सुरू झालं त्याची मला कल्पना नव्हती. मला दारातून आत न्यायच्या आधी मावशींनी पाय धुवायला पाणी दिलं. दिवाणखान्यातल्या मोठ्या खुर्चीत बसवलं. जेवताना पहिलं ताट माझं. मी मासे-मटण खात नाही म्हटल्यावर मावशींनी धावपळ करून वालाची भाजी, तांदळाची भाकरी आणि केळफुलाची भाजी केली. मी म्हणत राहिले की अहो, मी कंपनीची माणूस, मला कशाला एवढं. मावशी म्हणाल्या, "बाय, व्याह्यांकडून जो वस्तू घेऊन येतो तो त्यांच्याकडचाच. तू आता मुलाकडची. गप बस आणि जेव."

आमच्याकडेही मुलाकडच्यांचा मान असतोच. पण आमच्याकडे तो मागून घेतात. इथे नको म्हणणाऱ्यालाही सुटका नाही.

जुनं बूच नीट काढायचं काम माझं होतं, त्यामुळे मी राहणार होते. आईला फोन करून ऑफिसचं काम आहे सांगितलं. जेलच्या पिशव्या वितळल्या होत्या. मी काकांना बाटली कशी ठेवायची ते शिकवलं, कॉलेजात प्रॅक्टिकल घेतात तसं. आडवी ठेवायची, अंधारात. हलवायची नाही. तिथे सारखी ये-जा नको. आणि मुख्य म्हणजे दिवसा एक, रात्री एक असं नको, हवा चोवीस तास सारखी हवी.

काकांनी एकेक मुद्दा बोटावर मोजला. म्हणाले, "कळलं. तू झोप. अशी जागा माझ्या घरात एकच आहे."

मला ते इतकं पटलं की मी पुढे काही विचारलंच नाही. फ्रिजचा खालचा खण असेल, नाहीतर माजघराचा कोपरा, असं धरून चालले.

वटार, रविवार

सकाळी मावशींच्या हातचा चहा आणि फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल पाव, असं खात मी सहज विचारलं की बाटली कुठे ठेवलीत. काका लगेच उठले. त्यांना दाखवायचंच होतं.

घरामागे एक बुटकी खोली आहे, जाड भिंतींची, खिडकी नसलेली. काकांनी दार जेमतेम माणूस जाईल एवढं किलकिलं केलं, मला आत ओढलं आणि लगेच लावून घेतलं. आत काळोख. ऊब अशी की चष्म्यावर वाफ धरली. पेंढ्याचा, धुराचा आणि पिकत आलेल्या केळ्यांचा गोड, जड वास. कोपऱ्यात भुशाची शेगडी धुमसत होती. ही आढी. जुबिलीसाठी घातलेले घड पेंढ्यात झाकून ठेवलेले, आणि त्यांच्या मधोमध, केळीच्या सुक्या पानांत गुंडाळून, आडवी निजवलेली आमची बाटली.

"अंधार," काका कुजबुजले. "हलत नाही. कुणी येत नाही. आणि ऊब रात्रंदिवस एकच, मी स्वतः राखतो. माझ्या बापापासून इथे घरातली सगळ्यात चांगली वस्तू ठेवतात."

त्यांचं एकही म्हणणं चूक नव्हतं. मी सांगितलेल्या सगळ्या अटी त्यांनी पाळल्या होत्या. थंड हा शब्द मी उच्चारलाच नव्हता, कारण तो उच्चारावा लागेल असं मला वाटलंच नव्हतं.

मी पेंढ्यात हात घातला. बाटली ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी लागली. आणि बोटाला काहीतरी चिकटलं. मेणाखालून एक थेंब बाहेर आला होता.

काकांच्या तोंडाकडे पाहून मला खरं सांगवेना. मी एरवी तोंडावर बोलणारी बाई आहे. ऑफिसात यावरून माझी तक्रारही झालीय. तिथे मात्र मी फक्त म्हटलं की आता उघडायची वेळ जवळ आली, बाहेर काढते. काका मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची, तयारी करायला गेले. मी बाटली पदराखाली लपवावी तशी ओढणीखाली धरून स्वयंपाकघरात गेले आणि मावशींना सांगितलं. बोलता बोलता रडूच फुटलं.

मावशींनी बाटलीला हात लावून पाहिला, मग कपाळाला लावला.

"पन्नास वर्षं केळी पिकवली," त्या म्हणाल्या, "आता व्याही पिकवायला निघाला."

मग त्यांनी माठाच्या मागे ओली वाळू होती तिथे बाटली निजवली, वर ओलं फडकं टाकलं. मला म्हणाल्या, डोळे पूस. त्यांना पिईपर्यंत काही सांगायचं नाही. खराब असली तरी पितील ते, पण आधी कळलं तर पिणार नाहीत, आणि मग जन्मभर बोलणार नाहीत. बर्फ लावू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. इतक्या उबेतून एकदम बर्फात म्हणजे उरलंसुरलंही जायचं.

मिस्साला मी शेवटच्या बाकावर बसले. देवळातली गाणी मराठी, पेटी-तबल्यावर, त्यामुळे परकं वाटलं नाही. काका-मावशी पुढे उभे राहून पुन्हा एकदा वचन देत होते. सगळे डोळे पुसत होते. मी मनात वाळूतली बाटली पाहत होते. तो एक थेंब म्हणजे नुसता मेणाखालून आलेला थेंब, की आतलं सगळं फुगून, मरून बाहेर यायला लागलंय? उत्तर एकाच ठिकाणी होतं, आणि ते पन्नास माणसांसमोर मिळणार होतं.

मांडवात टेबल लावलं होतं. केक, दोन उंच ग्लास, केकला टेकवून उभा केलेला फोन, त्यात जसिंताचा चेहरा, मागे तिकडचं करडं आभाळ. मी मेण खरवडलं. बूच अर्ध्यावर मोडलं. उरलेलं अर्धं मी पातळ सुरीने, श्वास रोखून, वर आणलं. चमचाभर वाइन माझ्यासाठी ओतली.

आधी काहीच वास नाही. मी पुन्हा हुंगलं. मग, फार लांबून यावा तसा, मध आला. सुकलेलं सफरचंद. अक्रोड. घोट फिरवला, कडेच्या कुंडीत थुंकला. जिवंत होती. पण थकलेली. इतकी थकलेली वाइन एकदा हवेशी बोलली की फार वेळ थांबत नाही, हे मला कामावरून माहीत होतं. ग्लासातल्या ग्लासात विझते.

मी दोन्ही ग्लास भरले. आणि तेवढ्यात काकांचा पुतण्या विल्सन टोस्ट बोलायला उभा राहिला.

वसईतल्या या लोकांत शुभेच्छांचा टोस्ट बोलणं हा मोठा मान. विल्सनसर शाळेत शिकवतात. त्यांनी सुरुवात काकांच्या आजोबांपासून केली. मग बागेला पहिली मोट कशी लागली ते आलं. लोक कौतुकाने ऐकत होते. मी ग्लासाकडे पाहत होते आणि मला वाटत होतं की रंग बदलतोय. विल्सनसर काकांच्या शाळेपर्यंत पोचले. लग्न अजून लांब होतं.

मी उठले. मुलाकडच्या माणसाला अडवता येत नाही, हे मला कालपासून ठाऊक झालं होतं.

"सर, माफ करा," मी म्हटलं. "ही वाइन थांबणार नाही. काकांना आत्ता पिऊ द्या. भाषण नंतर, आम्ही सगळे बसून ऐकू."

विल्सनसरांचं तोंड उघडंच राहिलं. मागून मावशींचा आवाज आला, "बस रे विल्सन, तुझं भाषण कधी खराब होत नाही."

हशा झाला आणि त्यात काकांनी ग्लास उचलला. फोनकडे एकदा पाहिलं. घोट घेतला, आणि त्यांचा चेहरा आक्रसला.

"आंबट आहे," ते म्हणाले.

मी टेबल धरलं. या भागात घरोघरी नाताळला वाइन करतात, ती साखरेने गच्च गोड. काकांना तीच ठाऊक. त्यांनी दुसरा घोट घेतला, तोंडात ठेवला, डोळे मिटले.

"साखर घातली नाही माझ्या व्याह्यानं," ते सावकाश म्हणाले. "एक दाणा नाही. सरळ माणूस होता. मला फोनवर वाटायचंच." मग फोनकडे वळून, "जसिंते, सांग घरात. व्याही भेटले."

जसिंताने मान हलवली.

मला वाटलं, संपलं. मी खाली बसणार तेवढ्यात काकांनी दुसरा ग्लास उचलून माझ्यासमोर धरला. मी मावशींकडे पाहिलं. मला वाटलं होतं तो त्यांचा. मावशी म्हणाल्या, तो व्याह्यांचा. त्यांच्याकडचं इथे दुसरं कोण आहे?

सगळे पाहत होते. थुंकायची कुंडी मागे राहिली होती. माझ्या गळ्यात माळ होती, कुर्त्याच्या आत, ती मला एकदम टोचल्यासारखी झाली. आईचा चेहरा दिसला, वडिलांचं तुटलेलं बोट दिसलं. आणि इकडे काकांचा हात पुढे, वयाने थोडा कापणारा. नाही म्हटलं असतं तर तो हात तसाच मागे गेला असता, रिकामा नव्हे, भरलेला, आणि ते जास्त वाईट होतं.

मी ग्लास त्यांच्या ग्लासला लावला आणि प्यायले. गिळलं. मध जाऊन आता फक्त ओल्या दगडासारखी चव उरली होती, आणि घशातून खाली उतरताना अगदी शेवटी, धुराचा आणि पिकल्या केळ्याचा एक भास. तो त्या नदीकाठचा होता की काकांच्या आढीचा, ते माझं शिक्षण मला सांगू शकलं नाही.

आढीचं काय झालं ते काकांना आम्ही सांगितलं नाही. आजवर नाही.

परत

निघताना माझा थर्मोकोलचा खोका मला रिकामा देईनात. आढीतली केळी त्यात गच्च भरली. मुलाकडच्या माणसाला रिकामं पाठवत नाहीत. परतीच्या रिक्षात आकडा चढत होता आणि मी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं नाही. पण तोंडावर हात धरून बसले होते, वास येत असेल म्हणून.

घरी आईने दार उघडलं. मी श्वास आत धरून खोका पुढे केला. तिने झाकण काढलं. सगळी खोली केळ्यांच्या वासाने भरली, दुसरा कुठलाच वास उरला नाही. तिने एक सोलून अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. असं केळं बाजारात मिळत नाही म्हणाली.

"कुणी दिली गं एवढी?"

दोन दिवसांत पहिल्यांदा मला निर्धास्त वाटत होतं. तोंडातून निघून गेलं, "व्याह्यांनी."

आईचा घास तोंडातच राहिला. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, दार लावून घेतलं, आणि समोर खुर्ची ओढून बसली.